माळावरचा तरवड बांधावर कसा वाढवायचा

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडते. माण तालुक्यात दहिवडीजवळ तुमचं वडिलोपार्जित दीड एकर मुरमाड रान आहे आणि त्याच्या बांधाला तरवड, म्हणजे माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप, लावायचा आहे. दोन वर्षं रोपवाटिकेतून रोपं आणली. निम्मी पहिल्या पावसाळ्यातच गेली, उरलेली ठिबक असूनही उन्हाळ्यात वाळली. मग आईने गोळा केलेलं बी बांधाला टोकलं, तर त्यातलं एकही उगवलं नाही. आईला नवरात्रात घटाच्या माळेसाठी घरची फुलं हवी आहेत. आणि तरवड द्विदल कुळातला असल्यामुळे शेजारच्या बाजरीला नत्र मिळेल, अशी तुमची अपेक्षा आहे.

मी पुरंदर तालुक्यात चोवीस वर्षं देशी झुडपांची रोपं करते आणि लोकांच्या बांधांवर ती लावून देते. तरवड त्यात पहिल्यापासून आहे. तुमचं जे झालं ते माझंही झालेलं आहे, तेही मोठ्या प्रमाणावर. पहिल्या वर्षी मी तरवडाच्या तीनशे पिशव्या भरल्या. माती निवडक घेतली, निम्मं शेणखत घातलं आणि झारीने रोज संध्याकाळी पाणी दिलं. ऑगस्टपर्यंत रोपं हिरवीगार होती. मग जमिनीलगत खोड काळं पडायला लागलं. सकाळी ताठ दिसणारं रोप दुपारी मान टाकायचं आणि उपटलं की मूळ हातात यायचं ते सालपट सुटलेलं, कुजकट वासाचं. दिवाळीपर्यंत त्यातली चाळीसही उरली नाहीत. त्याच वेळी दिवे घाटाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडेच्या खडीत, कुणी एक थेंब पाणी न घातलेला तरवड पिवळाधमक फुललेला होता. तो रोज येता-जाता दिसायचा आणि माझ्या तीनशे पिशव्या आठवायच्या.

तुमची रोपं पावसाळ्यात गेली ती बहुतेक याच कुजीने, आणि उन्हाळ्यात गेली ती पिशवीतल्या मुळामुळे. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर पुढचं काम सोपं आहे.

तरवडाचं बी उगवलं की पहिले काही आठवडे वर काहीच घडत नाही असं वाटतं. चार बोटांचं रोप, त्याला दोन-तीन पानं. पण खाली त्याचं सोटमूळ मुरमाच्या फटी शोधत सरळ उतरत असतं. एकदा मी बांधाच्या तुटलेल्या कडेला उगवलेलं एक रोप हळूहळू खुरप्याने मोकळं केलं होतं. वर जेमतेम वीतभर झाड आणि खाली हातभर लांब मूळ, तेही खाली तुटलेलं, म्हणजे खरं त्याहून लांब. या मुळावरच त्याचा सगळा उन्हाळा निघतो. पिशवीत हे मूळ तळाला टेकतं, वळतं आणि गोल फिरायला लागतं. सहा-आठ महिने पिशवीत राहिलेल्या रोपाच्या मुळाचं वेटोळं झालेलं असतं. ते तसंच खड्ड्यात लावलं की झाड वर वाढतं, पण मूळ त्या वेटोळ्यातच राहतं. ठिबक चालू आहे तोवर तग धरतं. मार्चनंतर जमीन तापली की वरच्या वीतभर मातीतलं पाणी त्याला पुरत नाही, आणि खाली तर ते गेलेलंच नसतं. रोपवाटिकेत कमरेएवढी उंच, झुबकेदार रोपं जास्त दर देऊन लोक आनंदाने घेतात. तरवडाच्या बाबतीत जितकं मोठं रोप तितकी खोटी खरेदी.

आणखी एक शंका मनात येते. तुम्हाला मिळालेली रोपं तरवडाचीच होती ना? पिवळ्या फुलाचं कुठलंही झुडूप तरवड म्हणून विकलेलं मी पाहिलं आहे: कधी टिकोमा, कधी बाहेरून आलेले शोभेचे कॅशिया. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. पानाचा देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे बघा. तरवडाला त्या जागी कानाच्या पाळीसारखं गोलसर, हिरवं उपपर्ण असतं आणि ते गळून न पडता टिकून राहतं. शास्त्रीय नावातलं ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे ‘कान असलेला’, ते यावरूनच आलं. पूर्वी त्याला ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ म्हणत, आता ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ म्हणतात. देठावर समोरासमोर आठ ते बारा पर्णिकांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक ग्रंथी उभी असते. कान दिसला नाही तर ते रोप घेऊ नका, विकणारा काहीही सांगो. यात एक नाव विशेष लक्षात ठेवा, ‘सेन्ना स्पेक्टाबिलिस’. दिसायला देखणं असलं तरी वायनाड आणि मुदुमलाईच्या जंगलात या झाडाने इतका पसारा केला आहे की ते काढताना वनखात्याच्या नाकी नऊ आले आहेत. ते बांधावर नको.

आता बियांकडे वळते, कारण माझ्या मते तुम्ही रोपांचा नाद सोडून बीच पेरावं.

आईने गोळा केलेलं बी मेलेलं नसावं. तरवडाच्या बीचं कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरतच नाही. माळावर पडलेलं बी ऊन, थंडी, पाऊस आणि खडीवरची घासाघीस सोसत राहतं. एका वर्षी काही बियांचं कवच सैल होतं, दुसऱ्या वर्षी आणखी काहींचं. सगळं बी एकाच पावसात उगवलं आणि नंतर महिनाभर खंड पडला, तर पिढीच संपायची. माण तालुक्यातल्या पावसात वाढणाऱ्या झाडाने ही जोखीम घेतलेली नाही. आपल्याला मात्र एकाच वर्षी उगवण हवी असते, म्हणून ते कवच आपल्याला सैल करून द्यावं लागतं.

शेंगा जानेवारी ते मार्चमध्ये तपकिरी, कागदासारख्या पातळ आणि चपट्या होतात. वाऱ्याने हलल्या की आतल्या बियांचा खुळखुळ आवाज येतो. त्या वेळी तोडा. एका झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. आठ-दहा झाडांच्या थोड्या थोड्या घ्या आणि त्याही तुमच्याच पट्ट्यातल्या झाडांच्या. म्हसवड, गोंदवले, दहिवडी या भागात ओढ्याकाठच्या मुरमाड उतारांवर अजून तरवड सापडेल. शेंगा दोन दिवस उन्हात टाकून काठीने हलक्या झोडा आणि सुपात पाखडा. बी हातात घेऊन नीट निरखा. टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर आतला गर भुंगेऱ्याच्या अळीने खाल्लेला आहे. असलं किडकं बी बऱ्याचदा निम्म्यावर निघतं. सगळं बी पाण्यात टाका, तरंगेल ते फेका, तळाला बसेल ते लगेच सावलीत सुकवून राखेत घालून ठेवा. घरी फ्रीज असेल तर वाळलेलं बी घट्ट डब्यात घालून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तरी चालतं. त्याने आत राहिलेल्या अळ्या मरतात, बियाला काही होत नाही.

पेरणीच्या आदल्या संध्याकाळी पातेल्यात पाणी उकळा, उतरवा आणि चार-पाच मिनिटं तसंच राहू द्या. उकळत्या पाण्यात बी शिजतं, म्हणून हे थांबणं महत्त्वाचं. मग मूठभर बी एका वाडग्यात घेऊन त्यावर ते पाणी भरपूर ओता, बियांच्या आठ-दहा पट तरी. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वाडगा उजेडात नेऊन बघा. काही बिया फुगून दुप्पट झालेल्या असतील, रंग फिका आणि कवच नखाने दबेल इतकं मऊ. त्या पेरायला तयार. उरलेल्या तशाच गडद, खड्यासारख्या कडक दिसतील. त्या वेगळ्या काढून त्यांना पुन्हा एकदा तेच गरम पाणी द्या. दुसऱ्या खेपेलाही न फुगलेल्या बिया मी पॉलिश पेपरवर घासते. बियाच्या टोकाला, जिथून मोड येतो तिथे, न घासता एका कडेला घासायचं, आतला पांढुरका थर किंचित दिसेपर्यंत. दोन-तीनशे बियांचं हे काम एका दुपारी होतं. आईला सोबत घ्या, त्यांच्या हाताला ते अधिक जमेल.

फुगलेलं बी त्याच दिवशी जमिनीत गेलं पाहिजे. सुकलं तर वाया.

पेरायचं कधी? मृगाच्या आधीच्या वळवाने रान भिजलं म्हणून घाई करू नका. तुमच्याकडे जूनचा पाऊस बेभरवशाचा, आणि खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये परतीच्या वाटेवर पडतो. गरम पाण्याने कवच उघडलेलं बी थांबत नाही, ते ओल मिळताच उगवतं. मग खंड पडला तर कोवळं रोप उभं जळतं. दोन चांगले पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेली आहे अशी खात्री झाली की पेरा. बहुधा जुलैचा पहिला पंधरवडा येतो. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, लोखंडी पहारीने मुरूम वीत-दीड वीत खोल ढिला करा. माती उलटायची नाही, नुसती पहार मारून हलवायची, म्हणजे मुळाला खाली वाट मिळते. त्या जागी तीन-चार बिया बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्या खोलीवर टोका आणि वर बारीक मुरूम पसरा. शेणखत, युरिया, काहीही घालू नका. खताने शेंडा भरभर वाढतो, मूळ मागे राहतं, आणि या झाडाचं सगळं मुळावर अवलंबून आहे.

आठवडा-दहा दिवसांत मोड दिसतील. महिनाभराने एका जागी एक जोमदार रोप ठेवून बाकीची नखाने खुडा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. नांग्या, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरायच्या असतील तर त्याही बीनेच, पुढच्या पावसात.

बांधावर नेमकी जागा कोणती हे फार महत्त्वाचं आहे. बांधाच्या वरच्या अंगाला, जिथे पावसाचं पाणी अडून उभं राहतं, तिथे लावू नका. तुमची पहिली रोपं तिथेच होती का, हे एकदा आठवून बघा. बांधाचा माथा सोडून खालच्या अंगाचा उतार धरा. तिथे पाणी थांबत नाही आणि मुळांमुळे बांधाची माती धरून राहते. सलग कुंपण हवं असेल तर पाच-पाच फुटांवर, झुडूप मोकळं वाढू द्यायचं असेल तर आठ फुटांवर. पिकाच्या ओळीपासून तीन फूट तरी लांब. काळ्या रानातही तरवड येतो, पण तिथे तो उंचवट्यावरच लावावा, पाणी साचणाऱ्या चिबडात तो टिकत नाही.

रोपंच लावायची असतील, समजा एखाद्या पट्ट्यात बी वाहून जातंय, तर दोन-अडीच महिन्यांची, वीतभरच वाढलेली, उंच निमुळत्या पिशवीतली रोपं घ्या. पिशवीत निम्म्याहून जास्त मुरूम असावा. लावताना पिशवी उभी चिरा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका, मूळ तळाला वळलेलं दिसलं तर ते रोप बाजूला ठेवा.

पहिल्या उन्हाळ्याबद्दल माझी रीत अशी आहे. बीने उगवलेल्या रोपाला पाणी देत नाही. पिशवीतून लावलेल्याला फेब्रुवारीपासून दहा-बारा दिवसांतून एकदा तांब्याभर, तेही खोडापासून वीतभर दूर. दुसऱ्या पावसानंतर पाणी पूर्ण बंद. ठिबकची नळी तिथून काढूनच टाका, कारण नळी असली की आपला हात कॉककडे जातो. मे महिन्यात काही रोपं पानं गाळून काडी होऊन उभी राहतील. ती मेली असं समजून उपटू नका. सालीला नखाने किंचित ओरखडा काढा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. पहिल्या वर्षी आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती मेंढरांची. तुमच्या भागात कळपांची ये-जा असते. मोठ्या तरवडाला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणूनच गायरानं उघडी पडली तरी तरवड टिकून राहिला. पण कोवळ्या रोपाचे शेंडे शेळ्या खुडतात, आणि खुडण्यापेक्षा जास्त रोपं खुरांखाली जातात. प्रत्येक जागेवर काटेरी बोराटीची एक फांदी आडवी टाका. सावलीही होते आणि राखणही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर थोडी फुलं येतील, तिसऱ्यापासून आईच्या माळेला पुरतील.

माळेचा हिशोब छाटणीशी जोडलेला आहे. तरवडाला फुलं येतात ती नव्या फुटव्याच्या शेंड्यांकडे, गुच्छांनी. शेंगा वाळून बी घेऊन झालं की फाल्गुन-चैत्रात झाड गुडघ्याइतकं ठेवून धारदार विळ्याने छाटा. तरवड खोडापासून उत्तम फुटतो, घाबरू नका. पावसाळ्यात पाच-सहा जोरकस फांद्या येतात आणि भाद्रपदात कळ्या धरतात. आषाढानंतर मात्र विळा लावायचा नाही. मी एकदा एका बांधावर श्रावणात ‘जरा आकार द्यावा’ म्हणून छाटणी करून दिली आणि त्या घरच्या बाईंना त्या वर्षी शेजारच्या गावातून फुलं आणावी लागली. तो बोल मला बरोबर लागला होता. सगळी झाडं एकाच वर्षी छाटू नका, एक सोडून एक छाटा, म्हणजे दरवर्षी फुलं मिळतात. माळेसाठी पूर्ण उमललेलं फूल घेऊ नका, ओवताना पाकळ्या गळतात. पहाटे, उमलायच्या बेतात असलेली टपोरी कळी देठासकट घ्या. ती घटावर उमलते आणि दुसऱ्या माळेपर्यंत टवटवीत राहते. आमच्याकडे तरवडाबरोबर कारळ्याची फुलंही माळेत असतात, तुमच्याकडेही असतील. बांधालगत कारळ्याची एक ओळ टाकायला काय हरकत आहे?

त्याच दिवसांत तेलंगणात हेच फूल बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत रचतात. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात आणि 2014 साली वेगळं राज्य झाल्यावर तेच तेलंगणाचं राज्यफूल ठरलं. आपल्या सोलापुरातही तेलुगू पद्मशाली घरांतून बतुकम्मा मांडतात. म्हणजे त्या एका शहरात एकाच आठवड्यात तरवड एका घरी घटावर चढतो आणि शेजारच्या घरी बतुकम्मात बसतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

फुलं सगळी तोडू नका असं सांगते, त्याचं कारण तुम्ही स्वतः बघावं. ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी, ऊन अंगावर यायच्या आत, फुललेल्या झाडाजवळ पाच मिनिटं उभे राहा. मोठा काळा भुंगा येतो, लाकूड पोखरून घर करणारा, उन्हात पंख निळे चमकणारा. उडताना त्याचा आवाज जाड, घुमणारा असतो. तो फुलावर उतरतो, पुंकेसरांना मिठी मारून अंग आकसतो, आणि आवाज एकदम बदलतो. पंख थांबलेले असतात, पण चिरका, उंच झंकार ऐकू येतो. तरवडाच्या परागकोशाला फट पडत नाही, त्याच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. मिठाच्या डबीसारखं ते हलवल्याशिवाय आतला पराग बाहेर पडत नाही, आणि भुंगा उडण्याचे स्नायू थरथरवून नेमकं तेच करतो. फुलात मध नसतोच. आखूड पुंकेसरांतला पराग तो खाद्य म्हणून नेतो आणि लांब पुंकेसरांतला त्याच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर पोचतो. उडाला की त्याचं काळं अंग पिवळ्या पुडीने माखलेलं दिसतं. तुमच्या रानात वांगी, टोमॅटो असतील तर त्यांच्या फुलांनाही असाच थरथरवणारा कीटक उपयोगी पडतो. बांधाला एखादा वाळका ओंडका किंवा पांगाऱ्याची मेलेली फांदी तशीच राहू द्या, भुंग्याला घर होईल.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. पावसाळ्यात एमिग्रंट जातीची पिवळट-पांढरी फुलपाखरं तरवडावर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या कधीकधी एखादं झाड निम्मं उघडं करतात. पंधरा-वीस दिवसांत ते परत पालवतं. मी आजवर अळीने मेलेला तरवड पाहिला नाही. पानांच्या जोड्यांमधल्या ज्या ग्रंथी सांगितल्या त्यातून गोड रस पाझरतो, त्यावर मुंग्या येतात आणि त्या बऱ्याच किडी हाकलतात. मुंग्या दिसल्या म्हणून पावडर टाकणारे लोक आहेत, तुम्ही टाकू नका. पिठ्या ढेकूण एखाद्या फांदीवर साचला तर ती फांदी कापून जाळा. बस.

आता नत्राबद्दल. इथे तुमची निराशा करावी लागणार आहे, पण खरं तेच सांगते. द्विदल कुळातल्या प्रत्येक झाडाच्या मुळाला गाठी येत नाहीत. मूग, चवळी, तूर, गिरिपुष्प, शेवरी, हादगा यांना येतात. तरवड, टाकळा, बहावा, कांचन, चिंच यांना येत नाहीत. हवेतलं नत्र धरणारे जिवाणू त्या गाठींत राहतात, गाठी नाहीत तर ते कामही नाही. माझ्या शब्दावर जाऊ नका, येत्या पावसाळ्यात स्वतः करून बघा. भर फुलोऱ्यातलं चवळीचं एक झाड आणि त्याच ओलीतला टाकळ्याचा एक उंच रोपा, दोन्ही मुळं न तोडता काढा आणि बादलीत हलकेच धुवा. चवळीच्या मुळावर ज्वारीच्या दाण्यासारख्या गाठी दिसतील, एक फोडली की आत गुलाबी-तांबडा रंग. टाकळ्याचं मूळ साधं, गुळगुळीत. तरवड टाकळ्याचाच भाऊबंद. त्याच्या पाल्यात खोलवरून ओढलेलं नत्र असतंच आणि पाला कुजला की ते वरच्या मातीला मिळतं. तमिळ मुलखात तरवडाचा पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून तुडवतात तो याचसाठी. पण हे नत्र जमिनीतलंच, खालून वर आलेलं. बाजरीसाठी नत्र हवं तर दोन बांधांपैकी एका बांधाला गिरिपुष्पाच्या काठ्या रोवा आणि त्याचा पाला पावसाळ्यात दोनदा कापून रानात टाका. किंवा बाजरीत मटकी-हुलग्याचं आंतरपीक घ्या, जे तुमच्या आजोबांनी केलंच असणार.

मग तरवड लावायचाच कशाला, असं मनात येईल. बांध धरून ठेवायला, भुंग्यांना खाद्य द्यायला, पाण्याशिवाय वर्षातले चार-पाच महिने फुलणारं झुडूप रानाला असावं म्हणून, आणि आईच्या घटासाठी. एवढी कारणं मला पुरतात.

याच्या सालीवर एके काळी मोठा धंदा चालायचा. सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे कातडं कमावायला ती उत्तम. मद्रास इलाख्यातून परदेशी जाणारं कमावलेलं चामडं कित्येक वर्षं मुख्यतः तरवडाच्या, तमिळ भाषेत आवारमच्या, सालीवर तयार व्हायचं. पुढे आफ्रिकेतली वॅटलची साल आली आणि तरवडाची मागणी पडली. आज कुणी साल मागायला आला तरी खोडाची साल सोलू देऊ नका. तोडलेल्या फांद्यांची घेईना का.

फुलांच्या चहाबद्दलही लोक नेहमी विचारतात. आयुर्वेदात याला आवर्तकी म्हणतात, तमिळनाडूत वाळवलेल्या फुलांचा काढा घेतात आणि श्रीलंकेत ‘रणवरा’ या नावाने त्याचा चहा सर्रास मिळतो. चवीला किंचित तुरट, छान लागतो. पण मधुमेहाच्या गोळ्या बंद करून कुणी यावर राहू नये. गोळ्या चालू असतील तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि बिया-शेंगा कशातच घालू नका. त्यापेक्षाही जपायचं ते कासविंद्यापासून, तरवडाच्याच प्रजातीतलं ते पडीक जागेतलं झुडूप. त्याच्या शेंगा खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावलेली आहेत. घराजवळ उगवलं असेल आणि लहान मुलं असतील तर ते काढून टाका.

एक विनंती. तुमच्या दीड एकरात गवताचा मोकळा माळ असेल तर त्याच्या मधोमध तरवड किंवा कुठलंही झुडूप लावू नका. चंडोल, धाविक यांसारखे पक्षी उघड्या गवताळ जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना लांबवर दिसायला हवं असतं. ‘ओसाड माळ हिरवा करू’ म्हणून कळकळीने झाडं लावणाऱ्यांनी चांगले माळ बिघडवलेले मी पाहिले आहेत. तरवड बांधावर, वाटेच्या कडेला, ओढ्याच्या वरच्या उतारावर शोभतो. माळ गवताचाच राहू द्या.

आणि आईने टोकलेल्या त्या ओळीवर एवढ्यात पुन्हा पहार किंवा नांगर फिरवू नका. ते बी कवचात बसून असणार. दोन-तीन पावसाळे तरी ती ओळ तशीच ठेवा, आणि जुलैत एखाद्या रविवारी गावी गेलात तर गुडघ्यांवर बसून बारकाईने बघा. दोन जाडसर गोल बीजदलं, त्यांच्या मधून आलेलं चार-सहा पर्णिकांचं पान, आणि त्या पानाच्या तळाशी भिंगातून बघावा इतका छोटा हिरवा कान दिसला, तर तण समजून खुरपू नका. त्यावर बोराटीची फांदी टाका आणि ते दाखवायला आईला तिथे घेऊन या.